समोरासमोरची बाकं

दौलतने गिअर बदलला तसा जीपला हिसका बसला आणि अच्युतरावांचा गुडघा मनमोहनच्या गुडघ्यावर आपटला. दोघांनीही चटका बसल्यासारखे पाय मागे घेतले. पण जीपच्या मागच्या भागात दोन बाकं समोरासमोर होती आणि मधली जागा एवढीच, की दोन धिप्पाड सख्खे भाऊ बसले तर चार गुडघ्यांना एकमेकांना टाळणं अशक्य होतं. अच्युतरावांनी आपली छत्री उभी करून मधे रोवली.

“बेबी,” ते पुढच्या सीटकडे बघत म्हणाले, “त्याला सांग, पाय आवरून बसायला.”

दौलतशेजारी बसलेल्या बेबीने मान वळवली. “मनू, दादा म्हणतात, पाय आवरून बस.”

“बेबीताई, त्यांना सांग, पाय माझे आहेत. सेक्रेटरिएटच्या मालकीचे नाहीत.”

“दादा, मनू म्हणतो, पाय त्याचे आहेत. सेक्रेटरिएटच्या मालकीचे नाहीत.”

दौलतने आरशातून मागे पाहिलं, मग बेबीकडे पाहिलं आणि शहाण्या माणसासारखी नजर पुन्हा रस्त्यावर आणली. लालबाग मागे पडलं होतं. परळच्या भिंतींवर ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ची अक्षरं दर पन्नास पावलांवर होती, आणि अक्षरं आली की मनमोहन मुद्दाम बाहेर बघायचा आणि अच्युतराव मुद्दाम छत्रीकडे.

दोन वर्षं हे असं चाललं होतं. छप्पन्नच्या जानेवारीत गिरगावात गोळीबार झाला, त्या दिवशी गल्लीतल्या पोरांनी वाट अडवायला घरची जुनी ऑस्टिन गाडी ढकलत नेऊन आडवी पाडली. अच्युतराव सचिवालयात मोठ्या हुद्द्यावर, मुंबई वेगळीच राहिली पाहिजे या मताचे. मनमोहन शाळामास्तर, मोर्चात पुढे. ऑस्टिन आडवी झाली तेव्हा मनमोहन गॅलरीत उभा होता आणि हसला. निदान अच्युतरावांनी तो हसताना पाहिला. दुसऱ्या दिवशी पहाटे पोलीस आले ते मनमोहनचं नाव विचारतच आले. अकरा दिवस तो कोठडीत होता. नाव कोणी दिलं ते कोणी विचारलं नाही, आणि अच्युतरावांनी आपण दिलं नाही असं कधी म्हटलं नाही. तेव्हापासून एका छपराखाली, एका स्वयंपाकघरात दोघांमधून विस्तव जात नव्हता.

बोलणं मात्र भरपूर होतं. ते सगळं बेबीतून जायचं.

बेबी शेहेचाळीस वर्षांची होती. जुन्या मुंबईकर घराण्यांत लाडाची नावं चिकटली की चितेपर्यंत सुटत नाहीत. थोरल्या भावाहून बारा वर्षांनी धाकटी, मनमोहनहून चार वर्षांनी मोठी, लग्न न झालेली. सहा वर्षांपूर्वी जिन्यात पडून खुब्याचं हाड मोडलं ते वाकडंच जुळलं, तेव्हापासून हातात काठी. अशा बाईला घरात काम काय, तर निरोप. आणि ती निरोप इतके तंतोतंत पोचवायची की शिवीतली धारसुद्धा वाटेत बोथट व्हायची नाही. घरात तिची हीच काय ती कीर्ती होती. मनमोहनच्या बायकोने, सुमतीने, पहिल्याच आठवड्यात हात झटकले होते. “मी या घरची डाक वाहायला आलेले नाही,” असं ती म्हणाली आणि मुलांच्या अभ्यासात शिरली ती शिरलीच.

आई गेल्या माघात गेली. जाताना तिने दोन गोष्टी सांगून ठेवल्या. नवी गाडी घ्याल ती घराची, दोघांनी मिळून घ्यायची. आणि पनवेलच्या पलीकडच्या वाडीतलं घर बेबीचं. आता वर्षश्राद्ध आलं होतं आणि ते वाडीतच व्हायचं, वडिलांचं झालं तसं. डांबरी रस्ता संपल्यावर वाडी तीन मैल आत. बैलगाडीची चाकोरी, बांध, शेवटी खाडीचा एक फाटा, ओहोटीला गुडघाभर पाणी आणि त्याखाली चिखल. पूर्वी ऑस्टिन रस्त्यावर सोडून सगळे चालत जायचे आणि आईला कुळं डोलीतून न्यायची. आता कुळकायदा झाला होता. कुळं नमस्कार करायची, डोली उचलायची नाहीत. आणि बैलगाडीच्या धक्क्यांनी बेबीचा खुबा दुसऱ्यांदा मोडेल असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

अच्युतरावांनी मरीन लाइन्सच्या एका पारशी गृहस्थाची मॉरिस हेरून ठेवली होती. दार लावलं तर आवाज येत नाही, हे त्यांनी चारदा सांगितलं होतं.

“आणि खाडी?” बेबीने विचारलं होतं.

“रस्त्यावरून चालत जाऊ आम्ही. तुझं तिथे काय काम? श्राद्धाला बायका लागतात कुठे?”

मनमोहनने काहीच ठरवलं नव्हतं. मॉरिस नको, एवढंच ठरवलं होतं. त्यामुळे बेबीनेच ऑपेरा हाउसजवळच्या गॅरेजात टॅक्सीने जाऊन दौलतकडची ही जीप शोधली. लढाईतली विलिज, मिल्ट्रीने विकायला काढलेली, मागे पत्र्याची बॉडी चढवून घरातल्या माणसांसाठी सजवलेली. तिने दोन्ही भावांना एकच वाक्य सांगितलं, “नुसती बघायला चला.” वाडीच्या घराची किल्ली गेलं वर्षभर तिच्या उशीखाली होती. एकदा त्या घरात पाऊल पडलं की परत यायचं नाही, हे तिने ठरवून टाकलं होतं. गिरगावातल्या दोघांच्या खोल्यांमधल्या पॅसेजमध्ये तिला मरायचं नव्हतं. मॉरिस आली असती तर मात्र तिथेच मरावं लागलं असतं.

शिवडीला गोदामं संपली तिथे दौलतने जीप बांधावर उभी केली. समोर ओहोटी लागलेली. मैलभर राखाडी चिखल, कुजका खारट वास, मधेच एक उलटं पडलेलं होडगं. दोघे भाऊ उतरले आणि बांधाच्या दोन टोकांना जाऊन उभे राहिले.

अच्युतरावांनी दौलतला काठापाशी गाठलं. “कुठले तुम्ही?”

“नायगाव. बीडीडी चाळ.”

“ते नव्हे. मूळचे?”

“मूळचा ड्रायव्हरच, साहेब. ब्रह्मदेशात तीन वर्षं हीच गाडी चालवली.” दौलतने हात मागे बांधले. “आणखी काय विचारायचं असेल तर इंजिनाबद्दल विचारा.”

अच्युतरावांच्या कपाळावर आठी चढली. त्यांनी इंजिनाबद्दल काहीच विचारलं नाही.

“उतरवा खाली,” बेबी पुढच्या सीटवरूनच म्हणाली. ती उतरली नव्हती.

“बाई, तुम्ही वर थांबा. धक्के बसतील.”

“माझ्यासकट उतरवा. मला माझ्यासकट बघायची आहे.”

दौलतने क्षणभर तिच्या काठीकडे पाहिलं. मग दुसरा, आखूड दांडा ओढला. “आता चारी चाकं ओढणार. दांडीला घट्ट धरा.”

जीप बांध उतरली. पहिली शंभर पावलं ठीक गेली, मग पुढची चाकं बसली. इंजिन ओरडायला लागलं, काचेवर चिखल उडाला. बेबीच्या खुब्यातून कळ उठली ती थेट दातांपर्यंत गेली. तिने पदराचा बोळा तोंडात धरला. रुतली तर संपलं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. बांधावरून दोन माणसं बघत होती, आणि जीप रुतावी या एकाच गोष्टीवर कदाचित त्या दोघांचं एकमत झालं असतं.

“रुतली का?”

“अजून नाही.” दौलतने जीप हातभर मागे घेतली, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. “घाई केली तर रुतते. चिखलात गाडीला ढकलायचं नसतं, चाकाला पकड मिळेपर्यंत थांबायचं असतं.” मग विचारलं, “ते दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत काय?”

“दोन वर्षं झाली.”

“मग ही गाडी मी कुणाला विकायची?”

“मला,” बेबी म्हणाली.

चाकांना पकड मिळाली. जीप हळूहळू, पोट घासत, होडग्याला वळसा घालून आली आणि एका दमात बांध चढली. बेबीने बोळा तोंडातून काढला, डोळे पुसले आणि दौलतने पुढे केलेला हात न झिडकारता खाली उतरली.

अच्युतराव जवळ आले. “झाली हौस? त्याला सांग, असला टांगा मला नको. उद्या मी मॉरिसचं पक्कं करतो.”

बेबी काठी टेकत बांधाच्या दुसऱ्या टोकाला गेली. चाळीस पावलं होती. प्रत्येक पावलाला खुबा ठणकत होता.

“मनू, दादा म्हणतात, असला टांगा त्यांना नको. उद्या ते मॉरिसचं पक्कं करणार.”

“अस्सं? हुकूमच की!” मनमोहनच्या नाकपुड्या फुलल्या. “त्यांना सांग, मग जीपच. दुसरं काही घरात येणार नाही. आईने दोघांनी मिळून म्हटलंय. मॉरिसवर माझी सही मिळायची नाही.”

बेबी परत फिरली. चाळीस पावलं. हे जसंच्या तसं सांगितलं की काय होणार, ते तिला पाठ होतं. दादा मॉरिसला आणखी चिकटणार, मनू जीपला. सुंभ जळेल, पीळ जळणार नाही. वर्षश्राद्धाची तिथी निघून जाईल, किल्ली उशीखाली गंजेल. विसाव्या पावलाला ती थांबली. अच्युतरावांना वाटलं, पाय दुखतोय. मग ती चालत त्यांच्यापाशी आली.

“काय म्हणतो?”

“मनू म्हणतो,” बेबी म्हणाली, आणि तिचा आवाज नेहमीचाच होता, “मी हट्ट सोडतो. दादांची कंबर आता जीपला टिकायची नाही. त्यांच्या वयाला मॉरिसच बरी.”

विरोध अच्युतरावांना पचायचा. विरोधावर तर ते दोन वर्षं जगत होते. पण ही कीव होती, आणि तीही धाकट्याची.

“माझ्या वयाला?”

“हो.”

“अजून खाडी पोहून जाईन मी, म्हणावं!” त्यांनी छत्री बांधावर आपटली. “काय समजतो स्वतःला? जीप घ्यायची. आजच. आणि हे त्याला सांगूही नकोस. दिसेल त्याला.”

बेबीने मान डोलावली. तिला सांगायचंही नव्हतं. दौलत जीपचं चाक पुसत होता. त्याला सगळं ऐकू गेलं होतं, पण त्याने वर पाहिलं नाही.

परतताना बाकांवर चार गुडघे पुन्हा समोरासमोर आले. या वेळी छत्री मधे नव्हती. दोघांच्याही चेहऱ्यावर जिंकल्याचं समाधान होतं, आणि दोघंही ते एकमेकांना दिसेल असं बसले होते.

पुढचे चार रविवार मनमोहन दौलतकडून जीप चालवायला शिकला. माघात तिथीच्या दिवशी तिघं पहाटे निघाली. सुमती आली नाही. दोन मुक्या माणसांबरोबर आपण नाटकालाही जाणार नाही, असं तिने सांगून टाकलं. बेबी पुढे, मनमोहनशेजारी. अच्युतराव मागे, दर्भ, तीळ, तांब्याची भांडी आणि बेबीची एक ट्रंक यांच्या सोबतीला. एका दिवसाला ट्रंक कशाला, हे कोणी विचारलं नाही. बेबीला काही विचारायची पद्धतच घरात राहिली नव्हती. तिच्याकडून फक्त पुढे पाठवायचं असायचं.

पनवेल सुटलं, डांबर संपलं. चाकोरीत जीप डुलायला लागली आणि अच्युतरावांना राहवलं नाही.

“बेबी, त्याला विचार, मोडली का माझी कंबर?”

बेबीने समोरची दांडी घट्ट धरली.

“विचार की! म्हणावं, माझ्या वयाला मॉरिस बरी ना? मग आता बसलोय मी ताठ, बघ म्हणावं.”

मनमोहनचा हात स्टीअरिंगच्या चाकावर थबकला. “हे काय? बेबीताई, त्यांना विचार, वयाचं आणि कंबरेचं कोणी काढलं? मॉरिसला मी केव्हा बरी म्हटलं?”

बेबी समोर बघत राहिली. दोन वर्षांत पहिल्यांदा एक निरोप तिच्यापाशी येऊन तिथेच थांबला. मनमोहनने आरशात पाहिलं, आणि आरशात अच्युतराव त्याच्याकडेच बघत होते. एका वाक्यात उलगडा झाला असता. ते वाक्य आधी कोणी बोलायचं, एवढाच प्रश्न होता, आणि तो गाडीपेक्षा मोठा होता. दोघांनीही नजर काढून घेतली.

खाडीचा फाटा आला. पाणी ओसरत होतं. तिथली वाट अच्युतरावांना लहानपणापासून पायाखालची. ते धोतर खोचून पुढे पाण्यात उतरले आणि बेबीची काठी चिखलात खुपसत दगडाची जागा शोधायला लागले.

“बेबी, सांग त्याला, डावीकडे!”

“मनू, डावीकडे.”

“आता सरळ!”

“सरळ घे.”

दहा हातांवरून आलेलं वाक्य मनमोहन ऐकूनही ऐकत नव्हता. ते बेबीच्या तोंडून आलं की चाक वळायचं. जीप पाणी कापत पलीकडे चढली, आणि समोर टेकाडावर घर दिसलं. बेबीने किल्ली मुठीत धरली.

घराची राखण करणारा गुणाजी आणि त्याची बायको अंबिका यांनी अंगण सारवून ठेवलं होतं. श्राद्ध झालं. पिंडाला कावळा लगेच शिवला. आईला तरी आता काही मागायचं उरलं नाही, असं बेबीला वाटलं. जेवणं उरकली. गुणाजी भटजींना पोचवायला पलीकडच्या गावात गेला. भरती चढायच्या आत खाडी ओलांडायला हवी होती.

“चल, बेबी,” अच्युतराव म्हणाले.

बेबी ओट्यावर बसली होती. ट्रंक तिच्या मागे, उंबऱ्याच्या आत.

“मी येत नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे इथेच राहणार. घर माझं आहे. अंबिका आहे, गुणाजी आहे.”

“वेडी झालीस काय?” मनमोहन म्हणाला. “आणि तिकडे घरी कोण...” तो थांबला. अच्युतरावही तेच म्हणायला तोंड उघडून थांबले होते. वाक्य कुणाचंच पुरं झालं नाही.

“शिवडीला मी खोटं बोलले, दादा. कंबरेचं मनू म्हणाला नव्हता, ते माझं होतं.” बेबीचा आवाज चढला. तो चढू शकतो हे दोघांनाही माहीत नव्हतं. “दोन वर्षं तुमची घाण या खोलीतून त्या खोलीत वाहिली मी. एक थेंब सांडला नाही. त्यात एक वाक्य माझं घातलं तर काय बिघडलं? तुम्हाला जीप मिळाली, मला घर. आता तुमचं काय असेल ते तुम्ही बोला.”

अच्युतरावांचा चेहरा लाल झाला. ते मनमोहनकडे वळले, खरोखर वळले, ओठही हलले. मग त्यांनी उपरणं झटकलं आणि जाऊन जीपच्या मागच्या बाकावर बसले. मनमोहन पुढे बसला. दार एवढ्या जोरात लागलं की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या.

जीप टेकाड उतरली आणि पाण्यापाशी थांबली. ओट्यावरून सगळं स्वच्छ दिसत होतं. अच्युतराव खाली उतरले. त्यांच्याजवळ आता काठी नव्हती, म्हणून छत्री घेऊन पाण्यात शिरले. दगड सापडला. ते तिथे उभे राहिले. जीप काठावर, इंजिन चालू. दोघांत दहा हातांचं अंतर. पाणी त्यांच्या गुडघ्यांवर चढायला लागलं होतं.

“अडकली काय गाडी?” अंबिकाने विचारलं.

“नाही. गाडी चांगली आहे.”

अच्युतरावांनी जीपकडे पाहिलं नाही. त्यांनी वर घराकडे तोंड केलं आणि तोंडाला हाताची ओंजळ लावून ओरडले.

“बेबी! सांग त्याला, डावीकडे घे!”

मनमोहनने खिडकीतून मान बाहेर काढली. त्यानेही वर घराकडेच पाहिलं, आणि चाक धरून वाट बघत राहिला.

बेबीने निरोप नीट ऐकला. मग ती ओट्याचा खांब धरून उठली आणि काठी टेकत आत गेली. खालून पुन्हा हाक आली. तिने दार लावलं, कडी घातली आणि अंबिकाला दोघींपुरता चहा ठेवायला सांगितलं.